आठवीच्या पुस्तकातले एक पान

कशेळी, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मंत्रिमहोदय,

ठाण्याच्या बाळकुम नाक्यावरून पुढे येऊन खाडीवरचा पूल उतरला की कशेळी लागते. जुन्या आग्रा रोडच्या कडेला उभे राहिले तर एका नजरेत तीन पिढ्यांचे गाव दिसते. आगऱ्यांची जुनी घरे, त्यांच्या भातशेतीच्या जागी उभ्या राहिलेल्या गोदामांच्या रांगा, आणि वरून जाणारी मेट्रो पाचची मार्गिका. इथल्या शाळांत गावातली मुले आहेत, गोदामांत माल चढवायला-उतरवायला परराज्यांतून आलेल्यांची मुले आहेत, नव्या इमारतींत हप्त्यावर घर घेतलेल्या नोकरदारांचीही आहेत. घरी ती वेगवेगळ्या भाषा बोलतात. मधल्या सुट्टीत मात्र एक शब्द सगळ्यांना कळतो: बायल्या. हिंदी बोलणारी मुले त्यालाच छक्का म्हणतात.

ज्याचा आवाज बारीक, ज्याची चाल जरा वेगळी, ज्याला कबड्डीच्या मैदानापेक्षा रांगोळीत जास्त रस, त्याला हा शब्द तिसरी-चौथीतच गाठतो. आठवीपर्यंत तो त्याचे नाव होऊन बसतो. अशा मुलांतली काही पुढे समलैंगिक निघतात, पुष्कळशी निघत नाहीत. आणि ज्याला खरोखर आपल्याच वर्गातल्या मुलाची ओढ वाटते, तो कदाचित धिप्पाड, आवाजाने भारदस्त आणि कबड्डीच्या संघातला असतो. तो हा शब्द ऐकतो, हसण्यात सामील होतो आणि घरी जाऊन गप्प बसतो. ‘नटरंग’ चित्रपट इकडच्या घराघरांत पाहिला गेला. त्यातला गुणा बायकोमुलांचा संसारी माणूस, फडासाठी नाच्या होतो आणि तेवढ्यावरून गाव त्याला माणसांतून उठवते. चित्रपटगृहात त्याच्यासाठी रडलेल्या माणसांची मुले वर्गात तोच शब्द वापरतात, कारण तो का वापरू नये हे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

हे सांगण्याचे काम शाळेचे आहे. महाराष्ट्राच्या शाळांनी मुलांना समलैंगिकतेबद्दल शिकवावे, सरकारी शाळांनी तर नक्कीच शिकवावे, आणि ते आठवीच्या वयात, मराठीत, नेहमीच्या शिक्षकांनी नेहमीच्या तासाला शिकवावे, एवढ्या मागणीसाठी हे पत्र आहे.

आपल्या खात्याला या विषयाचा एक जुना चटका बसलेला आहे. केंद्र सरकार आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना यांनी मिळून पौगंडावस्था शिक्षणाचा एक कार्यक्रम आखला होता. मुलांना एचआयव्हीपासून वाचवणे हा त्यामागचा मोठा हेतू. २००७ मध्ये त्यातल्या चित्रांवरून आणि मजकुरावरून महाराष्ट्राच्या विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्याने कार्यक्रम थांबवला. इतर काही राज्यांनीही तेच केले. २००९ मध्ये व्यंकय्या नायडू यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळांतल्या लैंगिक शिक्षणाच्या विरोधात अहवाल दिला. तेव्हापासून या विषयाचे नाव काढले की सगळे अवघडतात. २००७ साली आठवीत असलेली मुले आज तिशी ओलांडून पालक झाली आहेत. त्यांना कोणी काही सांगितले नाही आणि आता त्यांच्या मुलांना काय सांगावे हे त्यांनाही कळत नाही. मुलाच्या हातात फोन आहे. त्याच्या प्रश्नाला तो फोन जे उत्तर देतो ते कसले असते, हे प्रत्येक बाप मनातून जाणतो.

पण महाराष्ट्रात या प्रश्नाचा इतिहास २००७ पासून सुरू होत नाही. तो त्याआधी किमान ७३ वर्षे मागे जातो आणि त्यात दोन मोठी मराठी माणसे उभी आहेत.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथराव गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्या कामापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. जुलै १९२७ पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढू लागले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत काढत राहिले. मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे असत. वाचक नाव लपवून विचारत आणि कर्वे सरळ, कोरड्या, शास्त्रीय मराठीत उत्तर देत. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला उभा राहिला. प्रश्न होते हस्तमैथुनाबद्दलचे आणि समलैंगिक संबंधांबद्दलचे. खटल्यात कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा गाभा असा होता की लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते अश्लील ठरत नाही. लोकांच्या मनात प्रश्न आहेत, ते विचारतात, मग त्यांना ज्ञान मिळायला नको का? एखाद्या गोष्टीला विकृती म्हटले तरी ती ज्ञानानेच दूर होईल, दडपून नव्हे. हॅवलॉक एलिस या इंग्रज अभ्यासकाच्या संशोधनाचा आधार घेऊन, समलैंगिक ओढ काही माणसांत निसर्गतःच असते, हेही त्यांनी न्यायालयापुढे ठेवले. कर्वे खटला हरले. त्यांना २०० रुपये दंड झाला. त्याच विषयावर अजित दळवी यांनी लिहिलेले आणि अतुल पेठे यांनी बसवलेले ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक अलीकडच्या काळात महाराष्ट्रभर झाले.

दर १४ एप्रिलला जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घातला जातो. मुले भाषणे पाठ करतात. महाडचे तळे, संविधान, शिका-संघटित व्हा, सगळे त्यात येते. नाव लपवून प्रश्न विचारणाऱ्या एका वाचकाला उत्तर मिळावे म्हणूनही हा माणूस न्यायालयात उभा राहिला होता, हे त्या भाषणांत यायला हवे. समलैंगिकतेवर बोलणे ही बाहेरून आलेली टूम आहे असे मानणाऱ्यांना दुसरे काही दाखवण्याची गरज पडू नये. बाहेरून आले होते ते कलम ३७७: १८६० ची भारतीय दंडसंहिता इंग्रजांची.

ते कलम आता मुलांच्या डोक्यावर नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नवतेजसिंग जोहर खटल्यात सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी त्याच निकालात केंद्र सरकारला सांगितले की या निकालाला वर्तमानपत्रे, रेडिओ, दूरचित्रवाणी अशा सर्व माध्यमांतून वेळोवेळी प्रसिद्धी द्या आणि या माणसांवरचा कलंक पुसण्यासाठी कार्यक्रम घ्या. कलंक पुसायचा तर शाळेइतकी सोयीची जागा कुठली? वैद्यकशास्त्राने तर हा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये, निकालाच्या आधीच, हा आजार नाही असे जाहीर केले. समलैंगिक माणसाला ‘बरे’ करण्याचा उद्योग करणारा डॉक्टर व्यावसायिक गैरवर्तनाचा दोषी ठरतो, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. त्यामागे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांचा २०२१ चा आदेश होता. त्या न्यायमूर्तींची गोष्ट प्रत्येक डी.एड.च्या वर्गात सांगावी अशी आहे. पळून आलेल्या दोन मुलींचा खटला त्यांच्यापुढे आला, तेव्हा आपल्याला या विषयातले पुरेसे कळत नाही हे त्यांनी उघड मान्य केले, मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन शिकून घेतले, आणि मग आदेश दिला.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सरकारच्याच दुसऱ्या खात्याने हे आधी छापले आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला आणि २०१७ मध्ये त्यातल्या ‘साथिया’, म्हणजे समवयस्कांना माहिती देणाऱ्या मुलामुलींसाठी, माहितीसंच काढला. वयात येणाऱ्या मुलाला मित्राची, मैत्रिणीची, विरुद्ध लिंगाच्या किंवा स्वतःच्याच लिंगाच्या व्यक्तीची ओढ वाटू शकते आणि ते नेहमीचेच आहे, असे त्यात साध्या शब्दांत म्हटले आहे. मुलगा रडला म्हणून किंवा मृदू बोलला म्हणून त्याला बायल्या ठरवू नये, हेही त्यात आहे. म्हणजे आरोग्य खात्याच्या पुस्तिकेत जे वाक्य चालते ते शाळेच्या पुस्तकात यायला अडचण कसली?

अडचण आहे ती शिक्षकाची, आणि ती खरी आहे. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मानवी प्रजननाचा धडा आहे. त्यात नलिका-शिशूपासून सरोगसीपर्यंत सगळे समजावून दिले आहे. तरीही तो धडा ‘घरी वाचून या’ म्हणून सोडून देणारे वर्ग महाराष्ट्रात कोणाला नवे नाहीत. शिक्षकाला भीती वाटते ती मुलांची नाही; उद्या एखादा पालक मोबाईलवर चित्रफीत काढेल, ती गावभर फिरेल, आणि वरचा एकही अधिकारी आपल्या पाठीशी उभा राहणार नाही, याची. २०२१ च्या नोव्हेंबरात एनसीईआरटीने तृतीयपंथी मुलांना शाळेत सामावून घेण्याबद्दल शिक्षकांसाठी पुस्तिका काढली आणि आक्षेप येताच काही दिवसांत ती संकेतस्थळावरून उतरवली. वरची संस्था इतक्या लवकर मागे सरते, तर खेड्यातल्या शिक्षकाने छाती कशाच्या जोरावर पुढे करायची? म्हणून हे छापील पुस्तकात हवे. शिक्षकाने स्वतःच्या मनाने काही सांगायचे नाही, पान उघडून वाचायचे.

त्या पानावर काय असावे? भाषेची अडचण सांगितली जाते, पण मराठीत शब्द आहेत. पुण्याच्या समपथिक ट्रस्टचे संस्थापक बिंदुमाधव खिरे गेली दोन दशके साध्या मराठीत या विषयावर लिहीत आहेत. तेव्हा एक मसुदा इथेच द्यावा:

‘वयात येताना बहुतेक मुलांना मुलींची आणि बहुतेक मुलींना मुलांची ओढ वाटू लागते. काही मुलांना मुलांची, काही मुलींना मुलींची ओढ वाटते, काहींना दोघांचीही. याला लैंगिक कल म्हणतात. तो कोणी ठरवून घेत नाही, दुसऱ्याकडून लागत नाही आणि औषधाने बदलत नाही. तो आजार नाही आणि गुन्हाही नाही. काहींना आपला कल लवकर कळतो, काहींना उशिरा. घाईने काही ठरवण्याची गरज नाही. चालण्याबोलण्यावरून कोणाचा कल ओळखता येत नाही. यावरून कोणाला चिडवणे, मारणे, त्याचे गुपित इतरांना सांगणे चुकीचे आहे. मोठ्या माणसाने अठरा वर्षांखालच्या मुलाशी किंवा मुलीशी लैंगिक वर्तन करणे हा गुन्हा आहे, करणारा पुरुष असो वा स्त्री. असे घडले तर विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा किंवा १०९८ वर फोन करा.’

एवढेच पान. त्यात कोणतेही चित्र नाही, कृती नाही, कोणाची बाजू नाही.

शेवटून दुसरे वाक्य मुद्दाम घातले आहे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांनी लैंगिक अत्याचाराचा कोणता ना कोणता प्रकार सोसल्याचे सांगितले, आणि सोसणाऱ्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्त होते. मुलगा हे घरी सांगत नाही. सांगितले तर आपल्यालाच ‘तसला’ म्हणतील, ही त्याची भीती असते. अत्याचार आणि समलैंगिकता हे दोन्ही त्याच्या डोक्यात एकाच घाणीच्या पोत्यात कोंबलेले असतात, कारण दोन्हींबद्दल फक्त शिव्यांतून ऐकलेले असते. २०१२ चा पॉक्सो कायदा मुलग्यांनाही संरक्षण देतो. पण ज्याला घडलेल्या गोष्टीचे नाव माहीत नाही तो तक्रार कशी करणार? ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्याच जिल्ह्यात बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या प्रकरणाने सगळे हादरले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयानेही मुलग्यांना लहानपणापासून नीट शिकवण्यावर भर दिला होता. दोन गोष्टी वेगळ्या करून सांगणारे हे पान त्या कामाचाच भाग आहे.

मुलींबद्दल या चर्चेत फार कमी बोलले जाते. बायल्या हा शब्द मुलाला लागतो तसा मुलीसाठी शब्दच नाही, आणि शब्द नसल्यामुळे तिचे असणेही दिसत नाही. ‘मित्राची गोष्ट’ हे विजय तेंडुलकरांचे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. रोहिणी हट्टंगडी यांनी रंगवलेली त्यातली मित्रा दुसऱ्या मुलीवर प्रेम करते. चार दशकांपूर्वी मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला जे तिकीट काढून समजले, ते भिवंडी तालुक्यातल्या मुलीला बारावी झाल्यावर स्थळे येऊ लागतात तेव्हाही समजलेले नसते. मग तिचे लग्न होते. त्यात एका मुलाचेही आयुष्य अडकते, त्याचाही काही दोष नसताना. इथल्या हळदीत रात्रभर नाचणाऱ्या दोन्ही घरांना पुढे काय होणार याची कल्पना नसते.

आता पालकांविषयी. भिवंडी हे श्रद्धाळू शहर आहे. मशिदी, देवळे, जैन मंदिरे शेजारीशेजारी आहेत, आणि अनेक घरांत समलैंगिकता पाप मानली जाते. त्या पालकांना मागासलेले म्हणून बाजूला सारले तर हा प्रयत्न पहिल्याच आठवड्यात कोसळेल. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला हे घडले. तिथल्या एका प्राथमिक शाळेने दोन आया किंवा दोन बाबा असलेल्या कुटुंबांचा उल्लेख धड्यांत केला, आणि बहुसंख्य मुस्लिम पालक आठवड्यामागून आठवडे शाळेच्या दाराशी निदर्शने करत उभे राहिले. त्यांचा एक मोठा राग असा होता की आम्हाला आधी विचारले नाही. तैवानमध्ये २०१८ च्या सार्वमतात मतदारांनी शाळांतल्या समलैंगिकतेच्या शिक्षणाविरुद्ध कौल दिला. हे विरोध दडवून ठेवण्यात अर्थ नाही.

पण पालकांना दोन गोष्टी शांतपणे सांगता येतात. हे पान कोणाला आपली श्रद्धा सोडायला सांगत नाही. घरी जे मानायचे ते मानावे, वर्गात कोणाला मारू नये, एवढीच त्याची अट आहे. आणि शिकवल्याने मूल तसे होत नाही. आजवरच्या प्रत्येक समलैंगिक माणसाला घर, गोष्टी, चित्रपट, लग्नमांडव सगळ्यांनी मुलगा आणि मुलीचीच जोडी दाखवली. त्यामुळे त्याचा कल बदलला नाही. पान वाचल्याने दुसऱ्याचा बदलेल कसा? जे मूल समलैंगिक नाही त्याला या पानातून शेजारच्या बाकावरच्या मुलाशी कसे वागावे हे कळेल. जे आहे त्याला कळेल की जगात आपण एकटे नाही.

तैवानचीच दुसरी बाजूही सांगायला हवी. एप्रिल २००० मध्ये तिथल्या पिंगतुंग भागातल्या एका शाळेत पंधरा वर्षांचा एक मुलगा शौचालयात जखमी होऊन पडलेला सापडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तो नाजूक वागायचा. ‘हा खरेच मुलगा आहे का’ हे बघायला मुले शौचालयात त्याची पँट ओढत, म्हणून तो मधल्या सुट्टीत तिथे जायचेच टाळायचा. तास चालू असताना, एकटा असताना जायचा. त्या दिवशीही संगीताच्या तासातून उठून गेला होता. देश हळहळला आणि २००४ मध्ये तिथे लिंगभाव समता शिक्षणाचा कायदा झाला. तास चालू असताना एकटेच शौचालयात जाणारी मुले आपल्याही शाळांत आहेत. कोणत्याही अनुभवी शिपायाला विचारावे. युनेस्कोच्या दिल्ली कार्यालयाने तमिळनाडूतल्या सुमारे ४०० समलैंगिक व तृतीयपंथी तरुणांशी बोलून २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. माध्यमिक शाळेत मारहाण सोसलेले त्यात ६० टक्के होते. शाळेकडे तक्रार केलेले फक्त १८ टक्के.

म्हणून आपल्या खात्याकडे विनंती अशी की पान आधी पालकांपुढे ठेवावे. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. समितीच्या सभेत मुख्याध्यापकांनी ते मोठ्याने वाचून दाखवावे, प्रश्न घ्यावेत, सोबत आरोग्य केंद्रातल्या किशोरवयीनांच्या समुपदेशकाला बसवावे. त्याच कायद्याचे कलम १७ मुलाचा मानसिक छळ करायला मनाई करते. त्याचा अर्थ शिक्षकाने वर्गात कोणाला बायल्या म्हणून हसे पिकवू नये असाही होतो, हे लेखी परिपत्रकाने कळवावे. याला पैसा लागत नाही.

वेळही अजून गेलेली नाही. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्यात पुस्तके टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या वेळापत्रकानुसार पहिलीचे पुस्तक २०२५-२६ मध्ये आले, नववीचे २०२७-२८ मध्ये आणि आठवीचे २०२८-२९ मध्ये यायचे आहे. ही पुस्तके लिहिणाऱ्या समित्यांसमोर वरचा मसुदा ठेवावा. त्यांनी तो हवा तसा सुधारावा. २०२५-२६ मध्ये पाचवीत असलेली मुले २०२८-२९ मध्ये आठवीत असतील. आपण एखाद्या दुपारी कशेळीला येणार असाल तर मधल्या सुट्टीच्या वेळी यावे आणि पटांगणाच्या कडेला दहा मिनिटे उभे राहावे.

आपला,
कशेळीचा एक रहिवासी